सहा दिवसांची साक्ष

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे कपाट उघडले, तर धर्मांतराच्या वृत्तान्तांची त्यात वानवा नाही. बाबा पदमनजींनी १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि आपल्या मनातील प्रदीर्घ झगड्याची हकीकत ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात घेतलेला बाप्तिस्मा तर कित्येक वर्षे महाराष्ट्रातील सभांचा, वृत्तपत्रांचा आणि ओसरीवरच्या वादांचा विषय होऊन बसला. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, तेव्हा त्यांच्या घरावर जो आकांत कोसळला त्याचे चित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात असे काही रेखाटले आहे की, ते वाचताना ख्रिस्ती व हिंदू हा वाचकांमधला भेद काही काळ उरतच नाही. या ग्रंथांचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. तथापि बाप्तिस्म्याचे पाणी अंगावर सुकून गेल्यानंतर जी तीस-चाळीस वर्षे मनुष्याला जगावी लागतात, ज्यांत मुलींची लग्ने, भावकीचे तंटे, सोसायटीचे कर्ज, दुखणीबाणी आणि रोजची मीठभाकरी असते, त्या वर्षांविषयी आमचे वाङ्मय मोठे मितभाषी आहे. प्रभूच्या चरणी कसा आलो हे सांगणारे पुष्कळ. त्यानंतरच्या सोमवारी बागेत, कचेरीत, दवाखान्यात वा दुकानात काय केले हे सांगणारे अगदीच थोडे. पुढील निबंधांचा विषय हा दुसरा, अबोल भाग आहे, आणि तो विषय तासगावसारख्या ठिकाणी राहून का सुचावा, याची थोडी फोड करणे हे या प्रस्तावनेचे काम.

तासगाव म्हटले की परमुलखातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, परशुरामभाऊ पटवर्धनांनी उभारलेल्या गणपतीच्या देवालयाचे दक्षिणी धाटणीचे उत्तुंग गोपुर आणि भाद्रपद शुद्ध पंचमीस असंख्य हातांनी ओढला जाणारा त्याचा रथ. आणि दुसरी, द्राक्षे. पटवर्धनांच्या या शाखेची जहागीर १८४८ साली खालसा झाली, तालुका इंग्रजी अमलाखालच्या सातारा जिल्ह्यात मोडू लागला, १९४९ साली तो दक्षिण साताऱ्यात गेला आणि १९६० साली त्याच जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. परंतु या साऱ्या कागदोपत्री स्थित्यंतरांनी जे झाले नाही ते एका वेलीने केले. पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेल्या या माळरानावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि बोरगावच्या एका बागेत थॉम्पसन वेलीपासून निवडून काढलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात महाराष्ट्रभर जाऊन पोहोचली. या तालुक्यात ख्रिस्ती घरे अल्प. मिरज-सांगलीच्या मानाने तर अगदीच तुरळक. परंतु अल्पत्वाचा एक लाभ असा की, येथे ख्रिस्ती माणूस समूहात दडू शकत नाही. शहरातल्या मोठ्या मंडळीत चुकार माणूस चार बाकांच्या मागे खपून जातो; गावात मात्र तो कोणाला किती देणे लागतो, त्याने गड्याला केव्हा चुकते केले आणि पाण्याच्या पाळीवरून तो शेजाऱ्याशी कोणत्या शब्दांत भांडला, हे सर्व गावाला मुखोद्गत असते.

शास्त्रात द्राक्षमळा पदोपदी येतो. मुंबईच्या उपासकाला तो भिंतीवरच्या परदेशी चित्रासारखा भासत असेल. तासगावकराला त्यावर कोणाचे भाष्य लागत नाही. एप्रिलातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली फळछाटणी अशा दोन छाटण्यांवर ज्याचे वर्ष उभे आहे, छाटलेल्या काडीच्या टोकातून पाण्याचे थेंब ठिबकताना ज्याने पाहिले आहेत, आणि ती काडी वेळेवर व नेमक्या डोळ्यावर न छाटल्यास वेल नुसता पाला धरतो हे ज्याला पदरच्या नुकसानीने कळले आहे, त्याला योहानाच्या शुभवर्तमानातील वेल व फाटे यांचा दृष्टान्त पाळकसाहेबांनी समजावून सांगावा अशी गरज उरत नाही. गरज आहे ती दुसऱ्याच अध्यायांची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला धनी दिवसभर चौकात जाऊन मजूर आणतो आणि अगदी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पहाटेपासून राबलेल्याइतकीच मजुरी देतो. आमच्या एखाद्या बागाईतदाराने असा न्याय केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी विरळणीला टोळी येईल की नाही, याची मला शंका आहे. आणि हा दृष्टान्त मजुरीचे दरपत्रक ठरविण्यासाठी सांगितलेलाच नाही, असे म्हणून विद्वान लोक त्यातून सुटतातही. ठीक आहे. पण अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी जी ताकीद आहे, ती तर दृष्टान्त नव्हे. ती सरळ आज्ञा आहे, आणि तिच्यातून सुटण्यास पळवाट नाही.

या आज्ञेचे पालन तासगावच्या बागेत प्रत्यक्ष कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. द्राक्षे उतरतात, व्यापारी माल भरून नेतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि उरलेले पंधरवड्याने देतो म्हणतो. बहुधा देतोही, पण एखाद-दुसरा व्यापारी लक्षावधी रुपयांचा माल उचलून हंगामाच्या अखेरीस परागंदा झाल्याची बातमी या भागात अधूनमधून येतच असते. अशा वेळी बागाईतदार जो पहिला हिशेब लांबणीवर टाकतो तो मजुरांचा; कारण बँक जप्ती आणू शकते, औषधाचा दुकानदार पुढची उधारी तोडू शकतो, आणि मजूर बाई फार तर दारात उभी राहून दोनदा विचारते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे असे म्हटले आहे, ते याच दारातले चित्र आहे. माझे सरळ मत असे की, या मुलखातल्या ख्रिस्ती बागाईतदाराची निष्ठा तो रविवारी कोणत्या बाकावर बसतो यावरून ओळखण्यापेक्षा, व्यापारी बुडवून गेल्यावर त्याने देणेकऱ्यांची यादी कोणाच्या नावापासून चुकती करावयास घेतली, यावरून ओळखावी. ही परीक्षा कठोर आहे. परंतु ती आम्ही काढलेली नसून शास्त्रातच छापलेली आहे.

बेदाण्याच्या सौद्याचेही असेच. द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून, शेडमधील जाळ्यांवर पसरून, दोन-अडीच आठवडे सावलीत वाळवून तयार झालेला माल पेट्यांत भरून बाजार समितीत येतो. सौद्याच्या वेळी पेटी फोडून माल ओतला जातो, व्यापारी मूठ भरतात, दाणा दाबून पाहतात, चाखतात, उरलेला खाली टाकतात. एका पेटीमागून दुसरी अशी रांग पुढे सरकते, आणि दुपारपर्यंत पायांखाली बेदाण्याचा थर साचतो. हा सांडलेला माल कोणाचा? शेतकऱ्याच्या वजनातून तो तूट म्हणून वजा व्हावा, की ज्याने उधळला त्याच्या नावे पडावा? वर्षानुवर्षे हा वाद चालत आला आहे आणि त्यावर नियम, ठराव व बैठका होत आल्या आहेत. वाद कोणी मिटवावयाचा तो मिटवो. माझे लक्ष त्यातल्या एका वेगळ्याच गोष्टीकडे जाते. लेवीयाच्या पुस्तकात द्राक्षमळ्याच्या धन्याला असे बजावले आहे की, मळा अगदी खुडून काढू नये आणि खाली गळलेली फळे वेचू नयेत. ती गरिबासाठी व उपऱ्यासाठी राहू द्यावीत. म्हणजे जमिनीवर पडलेल्या मालावर तिसऱ्याच कोणाचा तरी हक्क आहे. आमच्या सौद्यात शेतकरी आणि व्यापारी या दोघांच्या भांडणात या तिसऱ्याचे नाव कोणाच्याच तोंडी येत नाही. ख्रिस्ती माणूस तेथे शेतकरी म्हणून उभा असो, अडत्याचा मुनीम म्हणून असो की हमाल म्हणून, त्याने हे नाव काढले पाहिजे. हसे होईल, होऊ द्यावे.

याच्याशी ताडून पाहण्याजोगा आणखी एक लिलाव आमच्याकडे असतो. मराठी मंडळ्यांतून कापणीचा सण होतो, तेव्हा लोक आपापल्या घरचा पहिला माल वेदीपाशी आणून ठेवतात: ज्वारीची कणसे, भोपळा, नारळ, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, कोणी पोळ्यांची चवड. उपासना संपल्यावर या वस्तूंचा लिलाव पुकारला जातो, आणि तो पाहावा. बाजारात ज्याची काही किंमत नाही असा भोपळा चढत चढत जाऊन दहापट दामाला विकला जातो, घेणारा तो लगेच परत दान करतो, पुन्हा बोली लागते, म्हाताऱ्या हसतात, पोरे टाळ्या पिटतात. हा आनंद खरा आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु एका भोपळ्याला एवढे दाम देणारा तोच गृहस्थ दुसऱ्या दिवशी भाजीवालीशी एका जुडीवरून पाच मिनिटे हुज्जत घालतो, तेव्हा आदल्या दिवशीचे औदार्य देवासाठी होते की मंडळीतल्या प्रेक्षकांसाठी, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. दशमांश देणे सोपे, कारण त्याची पावती मिळते. उरलेले नऊ भाग सचोटीने मिळवले आणि सचोटीने खर्चिले, याची पावती कोणी देत नाही.

मात्र या मुलखात अशी पावती एकदा मिळाली आहे, आणि ती ख्रिस्ती नसलेल्या लोकांनी दिली आहे. तासगावाहून काही कोसांवर मिरज आहे. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने १८८९ साली या देशात आले, प्रथम त्यांनी सांगलीत लहानसा दवाखाना घातला, आणि पुढे मिरजेत १८९४ साली ते रुग्णालय सुरू झाले ज्याला लोक आजही नुसते ‘मिशन’ म्हणून ओळखतात. मिरज हे लोहमार्गाचे जंक्शन. त्यामुळे मोतीबिंदूने आंधळे झालेले, मूतखड्याने तळमळणारे, पोटातल्या गाठींनी खंगलेले रोगी कोकणातून, कर्नाटकातून आणि निजामच्या मुलखातून येथे येऊ लागले. १८९७ सालापासून तेथे वैद्यकाचे शिक्षण देण्यास आरंभ झाला, १९०० च्या सुमारास कुष्ठरोग्यांसाठी आश्रय उभा राहिला, पुढे सांगली-मिरजेच्या दरम्यान क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघाले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव कायमचे चिकटले. १९२८ साली डॉक्टर निवृत्त होऊन गेले. त्याच वर्षी त्यांस सरकारने ‘सर’ हा किताब दिला. १९३३ साली ते वारले. ही सालवारी कोणत्याही चरित्रात सापडेल.

चरित्रात जे सापडत नाही ते असे. त्या इमारतीत डॉक्टर वानलेस यांचा हात रोग्याच्या डोळ्याला लागे तो काही मिनिटे. उरलेले दिवस आणि सर्व रात्री तो रोगी दुसऱ्याच माणसांच्या हाती असे. परिचारिकेचा पेशा त्या काळी आपल्या समाजात हलका समजला जाई. परक्या पुरुषाचे अंग पुसणे, रक्त-पू धुणे, मलमूत्राची भांडी उचलणे ही कामे घरंदाज बाईची नव्हेत असा सार्वत्रिक समज होता, आणि विटाळाची कल्पना त्याहून बळकट होती. म्हणून या कामाला पुढे झाल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती मुली: दुष्काळात अनाथ झालेल्या, मिशनच्या शाळेत वाढलेल्या, पुष्कळशा अस्पृश्य मानलेल्या घरांतून आलेल्या. ज्या ब्राह्मणाच्या अंगणात त्यांच्या आयांना पाऊल टाकता आले नसते, तोच ब्राह्मण शस्त्रक्रियेनंतर तहानेने व्याकूळ होऊन पाणी मागे, आणि रात्रपाळीची ही मुलगी चमचाभर पाणी त्याच्या ओठांशी नेई. या क्षणी तिने काय करावे, याचे तिला पूर्ण स्वातंत्र्य होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाची परतफेड एखाद्या कडवट शब्दाने, नुसत्या दिरंगाईने, करता आली असती आणि कोणी तिला दोषही दिला नसता. ती तसे करी ना. वेळेवर औषध देणे, तपमान खोटे न मांडणे, श्रीमंताच्या खाटेशी आणि भिकाऱ्याच्या खाटेशी सारखेच पाय उचलणे, रोग्याच्या उशाखाली सापडलेला पैसा मेट्रनच्या टेबलावर नेऊन ठेवणे: हा तिचा उपदेश. उशापाशी बसून शास्त्र वाचून दाखविण्याचा शिरस्ताही तेथे होता आणि कोणी ते भावभक्तीने ऐकत, कोणी औषधाबरोबरचा एक उपचार म्हणून सोशीत. परंतु बरे होऊन गेलेल्यांपैकी फारच थोड्यांनी धर्म बदलला.

हेच वाक्य मला या प्रस्तावनेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. मिशनऱ्यांच्या वार्षिक अहवालांच्या दृष्टीने पाहिले तर एवढ्या रोग्यांमागे एवढे अल्प बाप्तिस्मे हा तोट्याचा जमाखर्च होता, आणि विरोधकांच्या दृष्टीने पाहिले तर सेवा हे धर्मांतराचे नुसते आमिष होते. दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या वहीत हिशेब मांडीत होते. रोगी आला, बरा झाला, आपल्या देवाला नवस फेडून घरी गेला, आणि पुढच्या वर्षी सुनेला बाळंतपणासाठी किंवा भावाला डोळ्यांसाठी ‘मिशनमध्ये ने, तेथे फसवणूक नाही’ असे सांगून त्याने पाठविले; ही त्याची पावती. कोल्हापूर-सांगलीच्या खेड्यांतून आजी-आजोबांच्या तोंडी हे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. जो आपल्या पंथात येणार नाही, आपले आभारही कदाचित मानणार नाही, आणि घरी गेल्यावर आपल्या हातचे पाणी प्यालो म्हणून शुद्धीचे स्नान करील, त्याचे काम चोख करणे, हे मी ख्रिस्ती निष्ठेचे या भूमीतले सर्वांत निखळ उदाहरण समजतो.

निष्ठेचे दुसरे स्वरूप स्वयंपाकघरात दिसते, आणि त्यासाठी अहमदनगरची वाट धरली पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांनी आपली चूल, आपले पाणी, आपले सोवळे वेगळे ठेवले, आणि ख्रिस्ती झालेल्या नवऱ्याच्या घरात हा वेगळा संसार काही काळ चालला. धर्मोपदेशक म्हणून ज्याची ख्याती, त्याच्याच घरात त्याची पत्नी त्याच्या हातचे पाणी पीत नाही, ही गोष्ट मिशनमधल्या चार लोकांत मिरविण्यासारखी नव्हती. टिळक तापट, लहरी, घरात पैसा टिकू न देणारे. पत्नीला त्यांनी किती त्रास दिला हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. परंतु या एका बाबतीत त्यांनी तिच्यावर सक्ती केली नाही. ती आपल्या पायांनी, आपल्या विचाराने, आपल्या वेळी आली. कवी टिळकांच्या अनेक कवितांपेक्षा मला ही त्यांची दीर्घ थांबण्याची कृती मोठी वाटते, असे म्हटल्यास रसिकांनी रागावू नये. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. मे १९१९ मध्ये ते निवर्तले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पगार सोडण्याचे तेज टिळकांचे. पगार सुटल्यावर घर कसे चालले याचा भार लक्ष्मीबाईंचा. चरित्रकार पहिल्या गोष्टीवर पानेच्या पाने लिहितात. दुसरी गोष्ट त्या बाईने स्वतः लिहिली म्हणून आपल्याला कळली, एरवी तीही बुडाली असती.

ज्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक म्हणत, त्या परंपरेत रोजच्या कामातल्या भक्तीची शिकवण नवी नाही. अरणच्या सावतोबांनी पंढरीची वाट न धरता मळ्यातच देव पाहिला, हे महाराष्ट्रातले मूल जाणते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात लॉरेन्स नावाचा साधा बंधू स्वयंपाकघरात भांडी घासता घासता देवाच्या सान्निध्यात राहण्याचा अभ्यास करीत असे, आणि त्याच्या संभाषणांचे छोटे पुस्तक ख्रिस्ती जगात अजून वाचले जाते. अरण आणि पॅरिस यांचा एकमेकांस पत्ता नव्हता.

येथवर जे लिहिले ते सांगावयास गोड आहे. आता कडू. आमच्या तालुक्यातली कचेरी ही काही सामान्य वास्तू नव्हे. १९४२ च्या सप्टेंबरात तिरंगा घेऊन लोकांचा मोर्चा जिच्यावर चालून गेला तीच ही कचेरी. तिच्याच दारात आज एखादा बाप मुलाच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल घेऊन उभा असतो. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, बाप रविवारी उपासनेला जातो, मुलाचे नाव दानिएल किंवा मोशे. आणि दाखल्यावर धर्म ‘हिंदू’, जात पूर्वीची. याचे कारण गुपित नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले; ख्रिस्ती झालेला मात्र त्या यादीतून बाद. गावाने त्याची जात विसरलेली नाही, विहिरीवर ती विसरली गेली नव्हती, सोयरीक जुळविताना ती आजही विसरली जात नाही; फक्त सरकारी कागदाने ती विसरली. तेव्हा मुलाची शिष्यवृत्ती आणि आपल्या प्रभूचे नाव या दोहोंतून एक निवडण्याची पाळी या बापावर दाखल्याच्या एका रकान्याने आणली आहे.

याला काय म्हणावे? पेत्राने प्रभूला नाकारले ते सम्राटापुढे नव्हे. अंगणातल्या शेकोटीपाशी, एका दासीने सहज विचारले तेव्हा. निष्ठेच्या परीक्षा अशाच क्षुल्लक वेशात येतात, हे खरे. तरीही जो पाळक सुखवस्तू शहरी मंडळीच्या व्यासपीठावरून या बापाला ढोंगी म्हणतो, त्याला मी विचारीन की, त्याच्या मुलाच्या फीसाठी तुमच्या मंडळीने आजवर किती पैसे उभे केले? कायद्याचा अन्याय कायद्याच्या मार्गानेच दूर व्हावयास हवा आणि त्यासाठीची मागणी जुनी आहे. तोवर त्या बापाचा भार एकट्या त्याच्या शिरावर ठेवून त्याच्याकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे ही दुसऱ्याच्या खर्चाने केलेली भक्ती होय. आणि ज्यांनी हा खर्च स्वतः सोसला, दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ असे निर्भयपणे लिहिले आणि मुलाला शिष्यवृत्तीवाचून रोजंदारीने शिकविले, अशीही घरे या जिल्ह्यात आहेत. त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही, आणि त्यांना बोललेले आवडतही नाही.

मंडळीच्या अंतर्गत कारभाराविषयी थोडक्यात आटोपतो, कारण तो विषय मनाला उभारी देणारा नाही. परदेशी मिशनने पूर्वी बंगले, शाळा, दवाखाने व कंपाउंड उभारले. कंपाउंडाच्या भिंतीआड नोकरी, घर, शाळा आणि कबरस्तान एकत्र मिळत असल्यामुळे गावाशी व्यवहार करण्याची सवय आमच्या दोन पिढ्यांना राहिली नाही. १९७० साली नागपुरास उत्तर भारतातील अनेक मंडळ्या एक झाल्या, परदेशी पैसा आटला, आणि मागे उरल्या त्या जमिनी व इमारती. आज कित्येक ठिकाणी मंडळीचे दप्तर उघडले तर उपासनेच्या नोंदींपेक्षा मिळकतीच्या दाव्यांचे कागद अधिक जाड निघतात. पौलाने करिंथकरांस, भावाने भावाला कोर्टात खेचण्यापेक्षा अन्याय सोसावा, असे लिहिले. आमचे वडील व कारभारी तो अध्याय मोठ्याने वाचतात आणि पुढच्या तारखेला वकिलाकडे जातात. ख्रिस्ती घरांत सोयरीक ठरताना मूळची जात हळूच विचारली जाते, हेही लपविण्यात अर्थ नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्याला जे ओठ एकत्र लागतात त्यांची मुले एकमेकांच्या घरात का जात नाहीत, याचे उत्तर कोणत्याही मिशनऱ्याकडे मागता येणार नाही. ते आम्हालाच द्यावे लागेल.

पुढील निबंध मजुरी, वजनमाप, दुखणेकऱ्याची शुश्रूषा, लग्न, कर्ज आणि दाखला अशा विषयांवर आहेत. ते लिहिताना लेखकांना सर्वांत मोठी अडचण आली ती साधनांची. डॉक्टरांची चरित्रे आहेत, कवींची स्मारके आहेत. परंतु मिरजेत आयुष्यभर रात्रपाळी केलेली परिचारिका, इस्लामपूर-कोडोलीच्या खेड्यांतून पायी हिंडलेली बायबलबाई, दवाखान्यातला कंपाउंडर, मिशनच्या शाळेतला दुय्यम मास्तर, यांच्या आयुष्याची चार पानेही लिहिलेली सापडत नाहीत. म्हणून या मुलखातील सर्व वाचकांस, ते ख्रिस्ती असोत वा नसोत, एक विनंती आहे. ज्यांच्या घरी अशा माणसांची सेवापुस्तके, प्रशस्तिपत्रे, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या किंवा मंडळीच्या जुन्या नोंदी असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. आणि अशी माणसे हयात असतील तर त्यांच्यापाशी बसून त्यांचे गाव, नोकरीची वर्षे, पगार, रोजच्या कामाचा क्रम आणि एखादा अवघड प्रसंग एवढे तरी लिहून घ्यावे. लिहिलेले त्यांच्याच बोलीत असावे, सालवारी शक्य तितकी पडताळून घ्यावी, आणि विशेषणे शक्य तितकी कमी वापरावीत.